साडेचारला पिकअप, साडेसहाला विमानतळ : एका फेरीतील तीन ई-चलनांचे प्रकरण

पुण्यातील एका छोट्या व्यावसायिकाची पांढऱ्या पाटीची सेदान, ती चालवणारा पगारी चालक आणि २०२४ च्या डिसेंबरमधील मुंबई विमानतळाच्या एका पहाटेच्या फेरीनंतर गाडीच्या नावावर आलेली तीन ई-चलने, एवढाच या प्रकरणाचा ऐवज आहे. तिन्ही चलने अतिवेगाची होती आणि प्रत्येकी २,००० रुपयांची होती. मालकाच्या मोबाईलवर त्यांचे संदेश फेरीनंतरच्या नऊ दिवसांत आले. मालकाने ते पाहिले, बाजूला ठेवले, आणि पुढच्या महिन्याच्या पगाराच्या दिवशी चालकाला सांगितले, "सहा हजार झालेत. दोन पगारांत कापून घेतो, एकदम नको." त्यात त्याला आपण सवलतच देत आहोत असे वाटत होते.

चालक सल्ल्यासाठी आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात तिन्ही चलनांची छायाचित्रे होती आणि मनात प्रश्नांची रांग होती. कोणी अडवले नाही, शिट्टी वाजली नाही, सही घेतली नाही, मग चलन कसले? काटा ऐंशीवर होता, मग ८३ कुठून आले? दहा टक्के सूट असते ना? एकाच फेरीत दोनदा दंड लावता येतो का? शेवटी, जरा थांबून, त्याने खरा प्रश्न विचारला : "पैशांचं जाऊ द्या साहेब, पण माझं नाव लागलं आणि लायसन गेलं तर घर कसं चालायचं?" अकरा वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, यातच त्याला आधीच्या प्रश्नांच्या उत्तरांची थोडीफार कल्पना होती हे दिसते.

तीनपैकी एक चलन लवकर निकालात निघण्यासारखे होते, म्हणून ते प्रथम हातात घेतले. ते त्याच दिवशी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी, मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका शहरातील रस्त्यावरचे होते. त्या वेळी ही गाडी विमानतळाच्या वाहनतळात उभी होती आणि वाहनतळाची पावती चालकाने जपून ठेवली होती. चलनावरील छायाचित्र मोबाईलवर बोटांनी मोठे करून पाहिले, तेव्हा मागची काच तिरपी असलेली चंदेरी छोटी गाडी दिसली. आपली सेदान पांढरी आहे. पाटीवरचा शेवटचा आकडा ८ होता. त्याच्या डाव्या बाजूला पाटीच्या स्क्रूजवळ चिखलाचा ठिपका होता, त्यामुळे यंत्राने तो ३ असा वाचला होता. मालकाने चलन तीन वेळा पाहिले होते, परंतु छायाचित्र एकदाही मोठे करून पाहिले नव्हते. रक्कम पाहून माणूस थांबतो, छायाचित्रापर्यंत जात नाही, हा अनुभव नवा नाही.

चालकाने "भरून टाकतो, कटकट नको" असे म्हटले असते तर काय झाले असते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. चलनाची रक्कम भरणे म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० खाली गुन्ह्याची तडजोड करणे होय. एकदा तडजोड झाली की छायाचित्रात कोणाची गाडी होती या वादाला जागा उरत नाही. म्हणून या चलनाविरुद्ध वाहतूक पोलिसांच्या ऑनलाइन तक्रार सुविधेतून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, गाडीची समोरून व मागून काढलेली छायाचित्रे आणि वाहनतळाची पावती जोडून तक्रार केली. तक्रारीच्या मजकुरात संताप, व्यवस्थेवरील टीका किंवा चालकाच्या सचोटीची ग्वाही यांपैकी काहीही लिहिले नाही. फक्त गाडीचा रंग, बांधणी, पाटीवरील आकडा आणि वेळ या चार गोष्टींतील विसंगती लिहिली. काही आठवड्यांनी ते चलन रद्द झाले.

उरलेली दोन चलने यशवंतराव चव्हाण, म्हणजे मुंबई-पुणे, द्रुतगती मार्गावरील होती आणि ती बरोबर होती.

त्यांतील पहिले खंडाळ्याच्या घाटातील. मोटारींसाठी त्या वेळी या मार्गावर सपाटीला ताशी १०० किलोमीटर आणि घाटात ६० किलोमीटर अशी मर्यादा होती. जड वाहनांसाठी ती अनुक्रमे ८० आणि ४० होती. कॅमेऱ्याने नोंदवलेला वेग ८३ होता. जुलै २०२४ पासून या मार्गावर बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली असून रस्त्यावरच्या लोखंडी कमानींवर बसवलेले कॅमेरे वेग, लेन, सीटबेल्ट अशा अनेक बाबी टिपतात. कोणी अडवले नाही या आक्षेपाचे उत्तर अधिनियमातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ घालण्यात आले आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीला थेट कायद्याचा आधार मिळाला. त्याची कार्यपद्धती ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ या नियमाने आली. उलट, केवळ एका साक्षीदाराने "गाडी फार जोरात होती" असे मत दिले, तर तेवढ्यावर अतिवेगाची शिक्षा देता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले असावे लागते, असे कलम १८३ चे तिसरे उपकलम सांगते. म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या नजरेपेक्षा कॅमेऱ्याची मोजणी चालकाच्या अधिक हिताची आहे, कारण ती तपासता येते.

ती तपासायची कशी, हेही नियमात आहे. अशा चलनासोबत गुन्हा आणि गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, उपकरणाने केलेली मोजणी, दिनांक, वेळ, ठिकाण, कोणत्या तरतुदीचा भंग झाला याची नोंद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे लागते. हे प्रमाणपत्र पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली दिले जाई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. देखरेखीचा टप्पा सुरू होण्यापूर्वी तसा इशारा देणारा फलक ठळकपणे लावलेला असावा लागतो. गुन्ह्याची सूचना घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत पाठवली जावी लागते. या शेवटच्या मुद्द्यावर चालकाने मोठी आशा ठेवली होती, कारण त्याला चलने कळली ती महिन्याहून अधिक काळ लोटल्यावर. परंतु पंधरा दिवसांची अट सूचना पाठवण्याला आहे, आणि ती नोंदणीकृत मालकाला वेळेत गेली होती. मालकाने ती चालकाला उशिरा दाखवली हा दोघांमधला प्रश्न झाला.

"साठचा बोर्ड दिसला नाही" हेही तो एकदा म्हणाला. कलम ११२ खाली राज्य शासनाला रस्त्याचे स्वरूप पाहून कमी वेगमर्यादा घालता येते आणि त्यासाठी योग्य जागी चिन्हे लावावी लागतात, त्यामुळे फलक नसणे हा ऐकून घेण्यासारखा बचाव आहे. परंतु हा चालक आठवड्यातून दोनदा हाच घाट उतरतो. फलक कुठे आहे, असे विचारल्यावर त्याने वळणासह जागा सांगितली आणि मग स्वतःच हसला.

काट्याबद्दलचा त्याचा युक्तिवाद अधिक रोचक आहे, कारण तो पुष्कळ चालक करतात आणि तो त्यांच्याच अंगावर येतो. वाहनातील वेगदर्शक काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, अशा रीतीने तो बनवलेला असतो. दाखवलाच तर थोडा जास्त दाखवतो. म्हणून काटा खरोखर ८० वर होता असे धरले, तर खरा वेग ८० किंवा त्याहून थोडा कमी असेल. यातून ८३ या आकड्यावर शंका घेता येते, परंतु मर्यादा ६० ची आहे आणि ७५ असो वा ८३, मोटारीचा दंड तोच राहतो. शिवाय "काटा ऐंशीवर होता" हे वाक्य लेखी दिले तर आपण साठच्या टप्प्यात ऐंशीने जात होतो अशी कबुलीच दिल्यासारखे होते. दहा टक्के सुटीचा उल्लेख कलम ११२ मध्ये नाही आणि १८३ मध्येही नाही. ती चहाच्या टपरीवरची सूट आहे.

घाटात ६० का, याचे उत्तर चालकाला माहीत होते, पण त्याने ते आकड्यांत कधी मांडले नव्हते. ताशी ८३ किलोमीटरने गाडी एका सेकंदात २३ मीटर जाते. ६० ने जाताना सुमारे १७ मीटर. गाडीतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ८३ वर ती ६० च्या जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी ब्रेकनेच जिरवायची असते. उतारावर तर गुरुत्वाकर्षण विरुद्ध बाजूने जोर लावत असते. त्यातच वळणापलीकडे ताशी चाळीसने उतरणारा मालट्रक असतो. साठच्या गाडीला त्याच्याशी वीसचा फरक मोडायचा असतो, त्र्याऐंशीच्या गाडीला त्रेचाळीसचा.

दुसरे चलन घाट उतरल्यावरच्या सपाट टप्प्याचे होते आणि ते सरासरी वेगाचे होते. दोन कमानींमधील अंतर १४ किलोमीटर नोंदवलेले होते आणि ते कापायला ७ मिनिटे ३० सेकंद लागले होते. म्हणजे सरासरी वेग ११२. चालकाचे म्हणणे असे की दोन्ही कॅमेऱ्यांखालून तो शंभरच्या आतच गेला होता, आणि ते खरेही असेल, कारण कमान दिसली की ब्रेकवर पाय जाण्याची सवय या मार्गावर सर्वांनाच लागली आहे. सरासरी मोजणाऱ्या यंत्रणेपुढे ही सवय निरुपयोगी ठरते; ती पहिल्या कमानीखाली क्रमांक आणि वेळ नोंदवते, दुसऱ्या कमानीखाली पुन्हा नोंदवते आणि भागाकार करते. मधल्या टप्प्यात गाडी किती वेळ १२५ वर होती, हे तिला विचारावे लागत नाही. हाच टप्पा शंभरने कापला असता तर ८ मिनिटे २४ सेकंद लागले असते. ५४ सेकंद वाचले होते.

एका फेरीत दोन दंड लावता येतात का, या प्रश्नावर आमचे मत चालकाला आवडले नाही. घाटातील मर्यादा वेगळी, सपाटीवरील वेगळी. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून दूर, आणि मध्ये वेग मर्यादेत आणण्याची पुरेपूर संधी होती. हे एकच कृत्य दोनदा मोजले गेले असे म्हणता येणार नाही. एकाच टप्प्यात, दोनचार मिनिटांच्या अंतराने, एकाच मर्यादेच्या भंगाबद्दल दोन चलने आली असती तर न्यायालयापुढे हा मुद्दा मांडण्यात अर्थ होता.

लोकअदालतीची वाट पाहावी, असा सल्ला त्याला आणखी कोणीतरी दिला होता. लोकअदालतीत चलने तडजोडीने निकाली निघतात, हे खरे. परंतु तेथे तुम्ही निर्दोष होता की नव्हता हे ठरत नाही, आणि रद्द झालेल्या चलनासारखे चुकीचे चलन तडजोडीत काढणे म्हणजे न केलेल्या गोष्टीचे अर्धे पैसे भरणे होय. वाद असेल तर तक्रार करावी किंवा न्यायालयात जावे, वाद नसेल तर भरावे. सवलतीच्या आशेने चलने साठवत ठेवण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हाला पटत नाही.

आता पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न. येथपर्यंत चालक आणि आम्ही दोघेही कॅमेऱ्याविषयीच बोलत होतो. मालकाचा निरोप पाहिला तेव्हा प्रकरणाचे रूप बदलले. फेरीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेला तो निरोप असा होता : "पाहुण्यांना कोथरूडहून साडेचारला घे. साडेसहाला टी-टूला सोडायचं. उशीर चालणार नाही." टी-टू म्हणजे मुंबई विमानतळाचे दुसरे टर्मिनल.

ई-चलन नोंदणीकृत मालकाकडे जाते, कारण पाटीवरून यंत्राला मालकच सापडतो. गाडी कोण चालवत होते हे विचारले गेले तर अधिकृत पोलीस अधिकाऱ्याला चालकाचे नाव, पत्ता आणि लायसनचा तपशील देण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर आहे. मालकाला हे कलम ऐकून माहीत होते आणि "मी तुझं नाव देऊन मोकळा होतो" असे तो एकदा म्हणालाही होता. चालकाची भीती तेथूनच आली होती, आणि ती अनाठायी नव्हती. अतिवेगाचा दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा झाल्यास कलम १८३ प्रमाणे चालकाचे लायसन जप्त होऊ शकते. ते कलम २०६(४) खाली परवाना प्राधिकाऱ्याकडे जाते आणि चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन, कारणे लेखी नोंदवून प्राधिकारी त्याला पहिल्या खेपेस तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. पगारी चालकाला तीन महिने लायसन नसणे म्हणजे नोकरी जाणे.

मालकाने न वाचलेला भाग त्याच कलम १८३ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिले उपकलम फक्त गाडी हाकणाऱ्यापुरते राहिलेले नाही. आपल्या नोकरीत किंवा आपल्या नियंत्रणाखाली असलेल्या माणसाला मर्यादेबाहेरच्या वेगाने गाडी चालवायला लावणाराही त्याच दंडास पात्र असतो. चौथे उपकलम त्याहून पुढे जाते. एखादा प्रवास ठरावीक वेळेत पूर्ण करण्याचा आदेश कोणी दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळेत तो पूर्ण करणे व्यवहार्य नव्हते असे न्यायालयाला वाटले, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो.

तेव्हा मालकाला बोलावले आणि कागदावर हिशेब मांडला. कोथरूड ते किवळे सुमारे २० किलोमीटर; पहाटेचा रस्ता मोकळा धरून ताशी ४५ ने २७ मिनिटे. किवळे ते कळंबोली, म्हणजे द्रुतगती मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर; त्यांतील घाटाचे १७ किलोमीटर ६० ने १७ मिनिटे आणि उरलेले साडेसत्त्याहत्तर किलोमीटर १०० ने साडेसेहेचाळीस मिनिटे. कळंबोली ते विमानतळ सुमारे ३५ किलोमीटर. पन्नासने ४२ मिनिटे. एकूण दोन तास आणि बारा-तेरा मिनिटे. यात उर्से टोलनाका नाही, एकही सिग्नल नाही, घाटात पुढे ट्रक नाही, पाहुण्यांच्या बॅगा डिकीत ठेवण्याची पाच मिनिटे नाहीत, आणि पूर्ण मार्गभर गाडी मर्यादेच्या काट्यावर, एकदाही ब्रेक न लावता चालली असे धरले आहे. निरोपात दिले होते दोन तास. शिवाय पाहुणे त्या दिवशी पावणेपाचला खाली उतरले होते.

मालकाने कागद आपल्याकडे ओढला, घाटाचे १७ किलोमीटर पुन्हा मोजले, मग विचारले, "आणि टॅक्सीवाले कसे पोचतात?" पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला ताशी ८० वर रोखणारा वेगनियंत्रक असतो, त्यामुळे त्या गाडीला तर याहून अधिक वेळ लागतो, तिचे गिऱ्हाईक तीन तास आधी निघते, एवढाच फरक आहे. त्यावर तो काही बोलला नाही.

चालक निर्दोष होता असे येथे म्हणायचे नाही. एक्सलरेटरवर पाय त्याचा होता, पाहुण्यांना "पोहोचणार नाही" असे सांगण्याचा पर्यायही त्याला होता, आणि घाट संपल्यावरच्या टप्प्यात त्याने जे ५४ सेकंद वाचवले ते त्या निरोपापेक्षा सवयीने वाचवले असावेत असा आमचा संशय आहे; तो त्याने नाकारलाही नाही. परंतु त्या पहाटेचा वेग पाहुणे गाडीत बसण्यापूर्वीच, आदल्या रात्री मोबाईलवर ठरला होता, आणि ज्याने तो ठरवला त्याने दंडाचा सगळा भार दुसऱ्याच्या पगारावर टाकला होता.

शेवटी घाटाचे आणि सरासरी वेगाचे अशी दोन्ही चलने मालकाने स्वतःच्या खात्यातून भरली, पहिल्या पगारातून कापलेले ३,००० रुपये चालकाला परत दिले, आणि नाव देण्याचा विषय तेथेच संपला, कारण दंड भरल्यानंतर कोणी ते विचारले नाही. चालकाने मागितल्यावरून आम्ही एक साधा करारवजा कागद करून दिला. त्यात विमानतळाच्या फेरीसाठी कोथरूडहून किमान तीन तास आधी निघायचे, आणि पाहुणे उशिरा उतरले तर चालकाने निघतानाच मालकाला संदेश पाठवायचा, एवढ्या दोनच ओळी आहेत. मालकाने सही करताना दुसऱ्या ओळीवर कुरकुर केली.

फेब्रुवारीत चालकाने एक संदेश आम्हाला पुढे पाठवला. मालकाने लिहिले होते, "पाहुणे साडेतीनला. साडेसहा टी-टू." त्याखाली चालकाचे उत्तर होते : "पाहुणे ३.५० ला बसले. आता निघालो. ६.५० होतील." मालकाने अंगठा पाठवला होता.